कोरड्या पडलेल्या चामडी सीट: वेंगुर्ल्यातील दुरुस्तीच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

मामांची २००८ सालची सेडान गेली दोन वर्षे आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी, खळ्याच्या कडेला घातलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. ते मुंबईहून गणपतीला आले की आठवडाभर ती चालते. एरवी बॅटरी उतरू नये म्हणून मी रविवारी तिला सागरेश्वराच्या किनाऱ्यापर्यंत नेऊन आणते. इंजिनाबद्दल तक्रार नाही, सीट मात्र बघवत नाहीत. या वर्षी परत जाताना मामांनी चावी हातात ठेवली आणि सांगितले, “सीटांचे काय करायचे ते तू ठरव, पण वरून रेक्झिनची कव्हरे तेवढी चढवू नकोस.” सोपा मार्ग तोच होता. तो बंद झाल्यामुळे ही वही सुरू केली आहे.

आज फक्त पाहणी केली. शेड पश्चिमेकडे उघडी आहे, त्यामुळे दिवाळीपासून मे अखेरपर्यंत दुपारचे ऊन चालकाच्या बाजूने थेट आत येते आणि जूनपासून चार महिने काचा आतून ओल्या असतात. म्हणजे चामड्याच्या वाट्याला सात-आठ महिने भट्टी आणि चार महिने तळघर. चालकाच्या सीटची दाराकडची फुगीर कड, जिच्यावरून माणूस प्रत्येक वेळी घसरत आत-बाहेर करतो, तिथे चार बोटे रुंदीचा बदामी रंग पार गेला असून खालचे करडे तंतू उघडे पडले आहेत. मांडीखालच्या भागावर आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा आहेत. मागच्या सीटचा माथा काचेखाली इतका तापला आहे की बोटाने दाबल्यावर पापडासारखा वाजतो. बैठक आणि पाठ मिळतात त्या सांदीत, जिथे हवा खेळत नाही, बुरशीचे पांढुरके ठिपके आहेत.

मग पाण्याच्या थेंबाची परीक्षा घेतली. बैठकीच्या मध्यावर ठेवलेला थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा गोल राहिला आणि दहा मिनिटांनी फडक्याने टिपला तेव्हा खाली डाग नव्हता. कडेच्या उघड्या पट्ट्यावरचा थेंब अर्ध्या मिनिटात शोषला जाऊन तिथे गडद वर्तुळ उमटले. यावरून चामड्याची जात कळते. मोटारीतले बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. त्याच्यावर रंगद्रव्याचा थर आणि त्याच्याही वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. हे दोन्ही थर मिळून मिलिमीटरचे काही शतांशच भरतात, पण आपला हात ज्याला लागतो ते चामडे नसून हे कवच असते. जिथे कवच शाबूत आहे तिथे आत काही जात नाही, पाणीही नाही आणि तेलही नाही.

दुसरी गोष्ट सीटखाली डोके घालून पाहिल्यावर कळली. आवरणाचा मोकळा काठ उलटा केला, तर बैठकीच्या तुकड्याच्या मागे तंतूंची लव होती आणि बाजूच्या तुकड्याच्या मागे विणलेले कापड. म्हणजे अंगाला लागतो तेवढाच भाग चामड्याचा असून बाजू आणि पाठीमागचा पडदा रेक्झिनचा आहे. असे पुष्कळ गाड्यांत असते. फसवणूक झाली असे मामांना वाटेल, मला मात्र काम निम्म्यावर आल्याचा आनंद झाला. खरे चामडे ओळखण्यासाठी कोपरा जाळून पाहण्याचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांचे आभार मानून तो बाजूला ठेवला.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आज काम करायचे नव्हते, पण आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची ठरेल असे वाटते.

सकाळी आईने गाडीची पूजा केली. झेंडूची माळ, नारळ, स्टिअरिंगला हळद-कुंकू. त्या गडबडीत तिचे हळदीचे ओले बोट चालकाच्या सीटला पुसले गेले. पुसायला फडके आणेपर्यंत चार-पाच मिनिटे गेली असतील. परत येऊन पाहते तर मधल्या सपाट भागावर हळद पिवळी होती आणि शिवणीच्या कडेने तीच हळद विटकरी लाल झाली होती. “कुंकू सांडले वाटते,” आई म्हणाली, पण कुंकवाचा करंडा अजून पायरीवरच होता.

दरवर्षी सातवीच्या वर्गात हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकून मुलांना हाच रंगबदल दाखवते. हळद आम्लात आणि उदासीन द्रवात पिवळी राहते, अल्कलीत लाल होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही याच कारणाने. म्हणजे सीटच्या शिवणीत अल्कली होती. प्रयोगशाळेतल्या पीएच पट्ट्या घरी होत्या (७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली). ऊर्ध्वपातित पाण्याने ओली केलेली पट्टी शिवणीवर दाबली तेव्हा ९ आले, सपाट भागावर ७ आणि आवरणाच्या खालच्या, रंग न लागलेल्या कच्च्या काठावर ४.

मग आठवले. गणपतीच्या आधी गाडी एका धुलाई केंद्रात आतून-बाहेरून स्वच्छ करून घेतली होती. तिथल्या मुलाने टायर आणि पायपुसणी ज्या फेसाने घासली त्याच फेसाने सीटही घासल्या आणि शेवटी चकाकी आणणारे पॉलिश मारून दिले. चार दिवस सीट नव्या दिसल्या आणि आम्ही त्याला वर पन्नास रुपये दिले.

कमावलेले चामडे स्वभावाने आम्लधर्मी असते. त्याचा पीएच साधारण साडेतीन ते पाच यांच्या दरम्यान राहतो. धुण्याचा सोडा किंवा तसल्या तीव्र अल्कलीने तंतू फुगतात, कमावताना आत बसवलेले तेल सुटू लागते आणि वरचे कवचही हळूहळू कमजोर होते. तेव्हा पहिले काम तेल देण्याचे नाही. पहिले काम हा सोडा बाहेर काढण्याचे आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

पुढच्या दोन्ही सीट बाहेर काढल्या. सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण नाही हे आधी पाहून घेतले. ती असती तर दाराकडच्या शिवणीला मी हातच लावला नसता, कारण तिथला दोरा अपघाताच्या वेळी तुटावा म्हणूनच तसा घातलेला असतो आणि तो घरच्या मजबूत दोऱ्याने शिवणे म्हणजे एअरबॅगचे दार बाहेरून बंद करणे होय. तरीही सीटबेल्टच्या कुलपाकडे जाणाऱ्या तारा सीटखाली होत्याच. म्हणून बॅटरीची ऋण तार सोडून अर्धा तास चहा-पोह्यात घालवला आणि मगच जोडण्या काढल्या.

आठ बोल्टांपैकी सात सुटले. चालकाच्या सीटचा मागचा, दाराकडचा बोल्ट गंजून रुळाशी एकजीव झाला होता. किनाऱ्यावरून येताना पायाला चिकटून येणारी वाळू तिथेच साचते, तिच्यातले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि मग ती जागा कधी वाळतच नाही. गंज सोडवणारे तेल मारून तासभर ठेवले, तरी पाना घसरला आणि बोल्टाचे डोके गोल झाले. शेवटी कुडाळहून शेजाऱ्यांच्या मुलाने आणलेल्या पकडीच्या सॉकेटने तो निघाला. पूर्ण दुपार एका बोल्टात गेली.

सीटखाली सापडलेले सामान: साडेअकरा रुपये, एक काजूची बी, सुकलेली सुरंगीची वेणी आणि वाटीभर वाळू.

२० ऑक्टोबर, रविवार

काल आणि आज मिळून सफाई पूर्ण केली. क्रम असा ठेवला की आधी बुरशी, मग मळ, मग पॉलिश.

बुरशी उघड्यावर, नाकाला फडके बांधून, मऊ ब्रशने झाडली. बंद खोलीत झाडली असती तर तिचे बीजाणू घरभर झाले असते. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समभाग घेऊन फडके फक्त दमट करून सांदी पुसून काढल्या. अल्कोहोल बाटलीतून थेट ओतले तर रंगाचे कवच मऊ पडते, म्हणून द्रव फडक्यावर घ्यायचा, सीटवर नाही. हळदीचा डागही यातच निघाला, कारण हळदीतला रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, अल्कोहोलात विरघळतो.

मळ काढण्यासाठी चामड्यासाठीच मिळणारा, किंचित आम्लधर्मी द्रव टपालाने मागवला होता. विकणाऱ्याच्या शब्दावर न विसंबता पट्टी बुडवून पाहिली, साडेपाच. तो स्पंजवर घेऊन, दाबून फेस करून, एका वेळी तळहाताच्या दुप्पट एवढ्याच भागावर घोड्याच्या केसांच्या ब्रशने गोल फिरवला, फेस वाळण्याआधी ओल्या मायक्रोफायबरने टिपला आणि लगेच कोरड्याने पुसला. पहिल्या टिपणाचे फडके तांबडे निघाले, अगदी आमच्या मातीच्या रंगाचे. दाण्यादाण्यांच्या खाचांत, जिथे मला नुसता काळपट मळ दिसत होता, तिथे वर्षानुवर्षांची चिऱ्याची भुकटी बसली होती. ही भुकटी वाळूच्या कागदासारखे काम करते. माणूस बसतो, सरकतो आणि तिने कवच घासत राहतो. चालकाच्या बैठकीला चार वेळा फेस द्यावा लागला. पाचव्या वेळी फडके जवळजवळ पांढरे राहिले आणि शिवणीवरची पट्टी ५ दाखवू लागली.

पॉलिश काढणे कंटाळवाणे होते. त्यात सिलिकोन असते आणि सिलिकोनवर पाण्यात विरघळणारा रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोके पाडून मागे सरतो. जिथे रंग द्यायचा आहे ते सर्व भाग दमट अल्कोहोलाने तीनदा पुसले, दर वेळी फडके बदलून.

सीट सुकवण्यासाठी उन्हात ठेवायचा मोह झाला होता. ठेवल्या नाहीत. ओले चामडे झपाट्याने सुकले की तंतू एकमेकांना चिकटून कडक होतात. पडवीत पंख्याखाली दोन रात्री ठेवणार आहे.

२३ ऑक्टोबर, बुधवार

सीट पूर्ण सुकल्या. स्वच्छ केल्यावर त्या आधीपेक्षा वाईट दिसतात, कारण मळाने आणि पॉलिशने बुजलेल्या भेगा आता सगळ्या उघड्या आहेत. आई पाहून म्हणाली, “होते ते बरे होते.”

२७ ऑक्टोबर, रविवार

आज कंडिशनर दिला. त्याआधी सल्ल्यांविषयी लिहिते.

पडवीत सीट ठेवल्यापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण “तेल पाजा” असे सांगतो. खोबरेल, एरंडेल, शेंगदाण्याचे, जो जे खातो ते. यामागचा अनुभव खोटा नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कोल्हापुरी चपलेला तेल दिले की ती खरोखर मऊ पडते, कारण तिच्यावर कवच नसते. शेजारच्या काकूंनी तर भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचा, गोळाच आणून दिला. पायाच्या भेगा भरतात तर सीटच्या का भरणार नाहीत, हा त्यांचा प्रश्न. टाचेची कातडी जिवंत असते आणि खालून नवी येते, सीटची येत नाही, एवढे उत्तर माझ्याकडे होते. पण काकूंचा मान राखण्यासाठी आणि खरे सांगायचे तर मलाही पाहायचे होते म्हणून, मागच्या सीटच्या मधल्या हातटेकीच्या डाव्या अर्ध्यावर भिरंडेल चोळले आणि उजवा अर्धा तसाच ठेवला. मागची सीट अजून गाडीतच आहे.

पुढच्या सीटांवर लॅनोलिनयुक्त, पाण्यात मिसळणारा कंडिशनर बोटभर स्पंजावर घेऊन पातळ पसरला. चालकाच्या सीटच्या उघड्या कडेवर तो दहा मिनिटांत दिसेनासा झाला आणि करडे तंतू गडद झाले. तिथे एका तासाच्या अंतराने तीन हात दिले. शाबूत भागावर लावलेला थर रात्रीपर्यंत जसाच्या तसा होता आणि फडक्याने पुसला तेव्हा जवळजवळ सगळाच फडक्यावर आला. २५० मिलिलिटरच्या बाटलीतले जेमतेम ५० खर्ची पडले आणि त्यातलेही बहुतेक त्या चार बोटे पट्ट्याने प्यायले. सीट कोरडी दिसते म्हणून सगळीकडे दर महिन्याला जाड थर देणारे लोक बाटलीतले द्रव्य चामड्याला नव्हे, आपल्या कपड्यांना देत असतात, असे माझे मत झाले आहे.

३० ऑक्टोबर, बुधवार

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आहे. आज दोन गोष्टी.

पहिली, भिरंडेल. सकाळी हातटेकीच्या डाव्या अर्ध्यावर, चामड्याच्या दाण्यांच्या खाचांत, पांढरी साय धरली होती. दुपारी तीन वाजता बंद गाडीत प्रयोगशाळेचा तापमापक ५२ अंश दाखवत असताना तीच साय वितळून तेलकट झाली आणि पुसायला वाकले तर माझ्या बाहीवर उतरली. कोकमाचे हे तेल चाळीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे गाडीत ते रोज वितळणार आणि रोज गोठणार, आणि वितळलेले असताना तांबडी धूळ धरून ठेवणार. अल्कोहोलाने पुसून काढले. उरलेला गोळा माझ्या टाचांच्या कामी येईल.

दुसरी, शिवण. चालकाच्या सीटच्या कडेची शिवण वीतभर उसवली आहे. बाजारपेठेतल्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडे सीटची बैठक रिक्षात घालून नेली. त्यांनी आवरणाचा मोकळा काठ चिमटीत धरून वाकवला, कापलेली कड उजेडात पाहिली, नाकाशी नेली आणि म्हणाले, “ह्यां चामडां क्रोमचां आसा. ह्येका तेल नको.” कापलेली कड आतून निळसर-करडी होती, ते त्यांनी मला दाखवले. क्रोमने कमावलेले कातडे रंगवण्याआधी निळसर असते. सालीने कमावलेले तपकिरी. मी आठवडाभर पुस्तकी मार्गाने जिथे पोहोचले होते तिथे ते तीस सेकंदांत पोहोचले.

पण त्यांनी पुढे जे केले ते मला सुचले नव्हते. त्यांनी अंगठ्याने फुगीर कड दाबली. ती दबली आणि वर आलीच नाही. आतला फोम बसला होता. आधार गेल्यावर चामडे त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा दुमडत होते आणि भेगा नेमक्या त्या दुमडीवर होत्या. वरून कितीही भरले तरी खाली पोकळी असेल तर ते फुटणारच. जुन्या काही युरोपीय गाड्यांच्या सीटमध्ये रबर लावलेला काथ्या भरत असत. तो असता तर आमच्या गावात भरणारे दहा जण मिळाले असते. इथे पॉलियुरेथेनचा फोम आहे.

घरी आणून आवरण ताणून धरणाऱ्या तारेच्या कड्या कापल्या आणि कड उघडली. फोमचा चुरा हातात आला. घट्ट फोमचा पाचरीसारखा तुकडा कापून चिकटवला. उद्या काका पुन्हा जुन्याच भोकांतून, वाकड्या सुईने आणि पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवण घालतील. नवी भोके पाडली तर चामडे टपाल तिकिटासारखे फाटते. आवरण परत बसवताना तारेच्या कड्यांऐवजी केबल टाय वापरणार आहे.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

काम नाही. शिवण उत्तम झाली आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

भेगा भरणे. मांडीखालच्या भागावर आधी ६०० नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासून भेगांच्या उचललेल्या कडा बसवल्या. हे करताना हात कापतो, कारण आपण चांगल्या वस्तूवर कागद घासत आहोत असे वाटत राहते. प्रत्यक्षात आधीच सुटलेले कवच तेवढे निघत असते. एक भेग, तीन सेंटीमीटर लांबीची, आरपार गेली होती. तिच्या खाली चिमट्याने सुती कॅनव्हासचा तुकडा सरकवून लवचीक गोंदाने चिकटवला आणि कडा एकमेकींना टेकवल्या.

त्यानंतर चामड्याचा लवचीक फिलर प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने ओढला. एकदाच जाड भरला तर तो वरून सुकतो, आत ओला राहतो आणि मग आक्रसून खड्डा पडतो. म्हणून पाच पातळ हात. बाटलीवर दोन हातांमध्ये अर्धा तास लिहिला आहे. सकाळी आठ वाजता तो खराच अर्ध्या तासात सुकला, दुपारी दोन वाजता मात्र सव्वा तास लागला. रात्रीपासून सकाळपर्यंत मतलई वारा जमिनीकडून कोरडा वाहतो आणि अकराच्या सुमारास खारा वारा समुद्रावरून ओलावा घेऊन उलटा सुरू होतो. मासेमारी करणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. मला फिलरने सांगितले. यापुढची सर्व कामे सकाळी अकराच्या आत.

शेवटचा हात १००० नंबरच्या कागदाने सपाट केला. डोळे मिटून बोट फिरवले तर भेग कुठे होती ते कळत नाही, हीच कसोटी धरली. डोळे उघडल्यावर मात्र पांढऱ्या फिलरचा नकाशा दिसतो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

रंग जुळवणे. बदामी रंग हा एक रंग नाही हे आज कळले. पांढऱ्यात पिवळी माती, थोडा तपकिरी आणि सुईच्या टोकाएवढा काळा असे इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब मोजून मिसळले. नमुना म्हणून डोके टेकायच्या उशीखालचा भाग घेतला, कारण तिथे ऊन कधी पोहोचलेले नाही. हा रंग सुकल्यावर गडद होतो, म्हणून ओल्या थेंबाची तुलना व्यर्थ आहे. प्रत्येक वेळी ठिपका लावायचा, केस सुकवण्याच्या यंत्राने सुकवायचा आणि मगच पाहायचा. अकराव्या मिश्रणाला अंगणातल्या उजेडात जुळले. घरात ट्यूबलाइटखाली नेले तर हिरवट. तपकिरीचे दोन थेंब वाढवून दोन्हीकडे चालेल असा मध्य काढला. गाडी उजेडात वापरली जाते, म्हणून उजेडाला झुकते माप दिले.

९ नोव्हेंबर, शनिवार

पहिले दोन हात स्पंजाने थापून दिले, पुसून नव्हे. थापल्याने रंग खाचांत जातो आणि चामड्याचे दाणे बुजत नाहीत. पुढच्या चार हातांसाठी गल्लीतल्या गणपतीच्या शाळेतून लहान स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर मागून आणला. गणपती झाल्यावर ती सामग्री रिकामीच असते. मूर्तिकारांनी देताना एकच सूचना केली: गन मूर्तीवर सुरू करायची नाही आणि मूर्तीवर बंद करायची नाही, बाहेर सुरू करून, वरून नेऊन, पलीकडे गेल्यावर बंद करायची. मी पहिल्याच फेरीत सीटवर चाप दाबला आणि पाठीच्या कोपऱ्यावर थेंबाचा ओघळ आला. तो सुकू दिला, १००० च्या कागदाने उतरवला आणि मग सूचनेप्रमाणे केले.

प्रत्येक हात इतका पातळ, की पहिल्यानंतर काही केल्यासारखे वाटत नाही. तिसऱ्यानंतर नकाशा पुसट होतो. चौथ्यानंतर मी सीटपासून दहा पावले लांब जाऊन उभी राहिले आणि बराच वेळ पाहत होते.

१० नोव्हेंबर, रविवार

वरचा पारदर्शक थर दिला, मॅट जातीचा, बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात घट्ट करणारे द्रव्य घालून. हे द्रव्य घातल्यावर मिश्रण काही तासांत निकामी होते, म्हणून थोडेच केले. तीन हात. रंग हा दिसण्यासाठी असतो. घामाला, जीन्सच्या निळीला आणि घर्षणाला सामोरा जातो तो हा थर, आणि तो पुरता मुरायला काही दिवस लागतात. सीट पडवीत, पांढऱ्या सुती चादरीखाली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचे मतदान होते आणि मला केंद्रावर ड्युटी होती. प्रशिक्षण, साहित्य घेणे, मुक्काम, पेट्या परत करणे यांत सीटकडे पाहायला वेळ झाला नाही आणि तेच त्यांना मानवले. आज उघड्या कडेवर पुन्हा पाण्याचा थेंब ठेवला. गोल राहिला.

२४ नोव्हेंबर, रविवार

सीट बसवल्या. आठही बोल्ट नवे घेतले, रुळांवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून गंजरोधक प्रायमर मारला आणि बोल्ट टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला आवळले. सीट हा सुरक्षेचा भाग आहे, तिथे हाताच्या अंदाजाला जागा नाही. सर्व जोडण्या लावल्यावरच बॅटरी जोडली. डॅशबोर्डावर कोणताही दिवा राहिला नाही.

मागच्या सीटचा पापडासारखा माथा मात्र तसाच आहे. तो स्वच्छ केला, कंडिशनरचे हात दिले, रंगही दिला आणि तो दिसायला बरा झाला. मऊ झाला नाही. उन्हाने तिथले तंतूच आक्रसून ठिसूळ झाले आहेत आणि त्याला बाटलीत उपाय नाही. तो तुकडा बदलावा लागेल. काका करून देतो म्हणाले आहेत, पण तेवढे कातडे मिळायला हवे.

२९ डिसेंबर, रविवार

मामा नाताळच्या सुट्टीला आले होते. चार दिवस गाडी मालवण, सावंतवाडी, शिरोडा अशी फिरली. चालकाच्या कडेला काही झालेले नाही. मांडीखालच्या आरपार भेगेच्या टोकाला मात्र दोन सेंटीमीटरची केसासारखी रेषा पुन्हा उमटली आहे. तिथे मी कॅनव्हासचा तुकडा भेगेपेक्षा पुरेसा लांब घेतला नव्हता. फिलर आणि रंग शिल्लक आहे, जानेवारीत एका सकाळचे काम.

मामांची तक्रार वेगळीच होती. सीट चकाकत नाहीत, गणपतीत कशा चकाकत होत्या. मी डोके टेकायची उशी वर ओढून तिच्याखालचा, सोळा वर्षांत कोणी हात न लावलेला भाग त्यांना दाखवला. तोही चकाकत नव्हता. त्यांनी त्यावरून आणि शेजारच्या रंगवलेल्या भागावरून बोट फिरवून पाहिले, काही बोलले नाहीत आणि दुपारी स्वतःच शेडच्या पश्चिमेला माडाच्या झावळ्यांची झापे बांधून दिली.